माहेरच्या हाताची कढई

स्वारगेटला उमरग्याची गाडी लागली तेव्हा दाविद झोपेत होता आणि रूथला पुन्हा लघवीला जायचं होतं. नाताळच्या आधीचे दिवस, त्यामुळे गाडी खच्चून भरलेली. माझ्या एका हातात बॅग, खांद्यावर तीन वर्षांचा ऐवज आणि मागून सहा वर्षांच्या बाईसाहेबांच्या सूचना. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे मुलांना घेऊन प्रवास कसा करावा याबद्दल माझी मतं फार ठाम होती. ती इंदापूरपर्यंतही टिकली नाहीत.

ही दोघं माझ्या धाकट्या बहिणीची, सुवार्ताची. आजारपणात ती उपचारांसाठी माझ्याकडे पुण्याला आली, ती मुलांना घेऊनच. उन्हाळ्याच्या तोंडाला ती गेली. तिला तिच्या सासरी, जळकोटच्या मातीत ठेवलं आणि मुलं माझ्याबरोबर पुण्याला परतली. त्या वेळी सगळ्यांना तेच बरं वाटलं होतं. मी परिचारिका आहे. दिवसा शेजारच्या काकू मुलांना सांभाळतात, संध्याकाळनंतर ती माझी. पावसाळा संपल्यावर त्यांच्या वडिलांचा, प्रकाशचा, फोन आला. नाताळला लेकरं घेऊन या, मग पुढचं बोलू, म्हणाला. पुढचं म्हणजे काय ते त्यालाही कळत होतं आणि मलाही. त्याला मुलं परत हवी होती आणि मला ती द्यायची नव्हती.

टेंभुर्णीच्या स्टँडवर आम्ही चहा-बिस्किटासाठी उतरलो आणि दाविदचा एक बूट तिथंच राहिला. कळलं तेव्हा गाडी मोहोळच्या पुढं होती. त्यानं बुटासाठी सोलापूरपर्यंत भोकाड पसरलं. शेजारच्या आजोबांनी त्याला खिशातली खारीक दिली आणि मला विचारलं, लेकराच्या बुटाची नाडी आईनं बांधायची असते, एवढंही ठाऊक नाही का? मी ऐकून घेतलं.

सोलापूर मागं पडलं की जमीन काळी होत जाते. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यात आलेली, मध्येच करडईचे काटेरी पट्टे, तुरीच्या शेंगा वाळायला लागलेल्या. नळदुर्गच्या किल्ल्याचा उंच बुरूज दिसला आणि रूथ खिडकीला नाक लावून बसली. तिला हा रस्ता आठवत होता. पुढं धाबे, उभे ट्रक, पुन्हा शेतं, आणि मग जळकोट.

प्रकाशचं हमरस्त्यालगतच पंक्चरचं दुकान आहे. तो दुकानाबाहेर उभाच होता. "सलाम, आक्का," म्हणाला. आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांत भेटल्यावर सलामच म्हणतात. रूथ त्याला जाऊन बिलगली. दाविदनं मात्र त्याच्याकडं पाहिलं आणि माझ्या मानेत तोंड खुपसलं. बापाला पोरगं ओळखत नव्हतं आणि मला आनंद झाला. लपवून काय करू? पण वाटेवर सराटे (गोखरूचे काटे) पडलेले, पोराच्या एका पायात बूट नाही, आणि माझी बॅग जड. प्रकाशनं त्याला उचललं. तो बापाच्या कडेवर लाकडासारखा ताठ बसून राहिला.

आमच्या मंडळींची वस्ती गावाच्या कडेला आहे. दिवस मावळत होता आणि घराघरावर कागदी तारे पेटलेले होते, लाल, पिवळे, निळे. घरांतून तळणाचा वास येत होता. आम्ही थांबलो ते एकच घर अंधारं होतं. ना तारा, ना माळ. विहीणबाईंनी, म्हणजे प्रकाशच्या आईनं, मुलांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि पिठलं-भाकरी वाढली. रूथनं विचारलं, आपला तारा कुठंय? विहीणबाईंनी तिच्या ताटात आणखी पिठलं वाढलं.

दुसरा दिवस नाताळच्या आदला. सकाळी पाहते तर घर तसंच. न्याहारीला धपाटी (ज्वारीच्या पिठाची थालीपिठं) आणि शेंगांची चटणी होती, चवीला उत्तम, पण गोडाचा एक घासही नव्हता. माझं डोकं तापलं. चुलीपाशी जाऊन मी विहीणबाईंना बरंच सुनावलं. इतक्या महिन्यांनी लेकरं दारात आली, त्यांची आई नाही, आणि तुम्हाला एक तारा टांगवत नाही, एक करंजी तळवत नाही. मग ही मुलं मागता कशाच्या जोरावर? ते शेवटचं वाक्य मी पुण्याहूनच घोकत आले होते. आता ते कामी आलं असं मला वाटलं.

त्या उठल्या. आत गेल्या, फळीवरून पालथी घातलेली लोखंडी कढई काढली आणि माझ्यासमोर आणून ठेवली. राखेनं घासून लख्ख केलेली होती.

"आक्का, ही उतरवली ती सुवार्ता गेली त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "आता चढवायची ती माहेरच्या हातानं. तुमी येस्तोवर म्या तळणाचं तेल तापवलं न्हाय. काल तुमी दमून आलता, म्हणून बोलले न्हाय."

आमच्या आईकडंही ही रीत होती. घरातली सून गेली की तळण बंद. मग तिच्या माहेरचं माणूस येतं, कढई चढवतं, आणि तिथून घराला सण लागतो. आमच्या आजा-पणजांनी धर्म बदलला, चूल काही बदलली नाही. पाळकसाहेब दर वर्षी सांगतात म्हणे की शास्त्रात असं कुठं लिहिलेलं नाही. विहीणबाई त्यांना चहा देतात आणि ऐकून घेतात. हे सगळं मला माहीत असायला हवं होतं. पण गेले काही महिने मी सणाचं नावच काढलं नव्हतं, बरोबर खाऊचा पुडासुद्धा आणला नव्हता. ते घर माझ्यासाठी अडून बसलं होतं आणि मी त्याला निगरगट्ट समजत होते.

शेजारच्या महानंदाबाई, त्या लिंगायत, खव्याचा डबा घेऊन आल्या आणि न सांगता लाटायला बसल्या. कानोले (करंज्या) करायचे होते. कढई चढवली, तेल तापलं, आणि माझा हात पुढं होईना. वॉर्डात मी कितीतरी माणसांचे डोळे मिटलेत. पण हा कानोला तेलात सोडला की सुवार्ता खरंच गेली, असं मला वाटत होतं. शेवटी सोडला. तो फुटला आणि सगळं सारण तेलात पसरलं.

"पैला फुटतोच की," महानंदाबाई म्हणाल्या.

त्यावर विहीणबाईंनी जो टाहो फोडला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. मीही रडले. मुलं दारात उभी राहून आम्हा तिघींकडं बघत होती. कढई चढताना काय रडायचं ते रडून घ्यायचं असतं. मग महानंदाबाईंनी झाऱ्यानं तेलातलं सारण काढलं आणि आम्ही पुढचे कानोले सोडले. ते चांगले फुलले.

दुपारी प्रकाशनं बाजारातून तारा आणला. वायर जोडून त्यानं तो दारावर टांगला. संध्याकाळी गाणारी मंडळी ढोलकी-टाळ घेऊन आली. दुखवट्याच्या घरापुढून ती एरवी वाद्य न वाजवता जातात. तारा पाहून ढोलकीवाल्यानं प्रकाशकडं बघितलं, प्रकाशनं मान हलवली, आणि ढोलकी कडाडली. दाविद घाबरून पळाला. माझ्या हातात कानोल्यांचं ताट होतं. तो बापाच्या पायांना जाऊन चिकटला, आणि प्रकाशनं उचलल्यावर या वेळी त्यानं मान त्याच्या खांद्यावर टाकली. मी ताट घेऊन सगळ्यांना कानोले वाटत राहिले.

नाताळच्या सकाळी उपासना झाली. नंतर आम्ही कबरीवर गेलो. प्रकाशनं चुना दिलेला होता. रूथनं आईचं नाव अक्षर जुळवत वाचलं. दाविद चुन्याला हात लावून पांढरी बोटं बघत बसला.

दुपारी प्रकाशनं शेतात नेलं. येळवशीसाठी (वेळा अमावास्येच्या शेतातल्या सणासाठी) उभारलेली कडब्याची कोप (खोप) होती, तिच्या सावलीला आगटी (हुरडा भाजायचा खड्डा) पेटवली. कोवळी कणसं मोजकीच होती, ती त्यानं राखून ठेवली होती. तळहातावर चोळलेला गरम हुरडा मुलं चिमणीसारखी टिपत होती. मुलं कोपीत शिरल्यावर तो बोलला.

"आक्का, तुमी लेकरं सांभाळलीत, ते म्या जल्मात इसरणार न्हाय. पर सांजच्याला दुकान बंद केलं की घराकडं पाय निघत न्हाईत. लेकरं हितं ऱ्हाऊ द्या."

मी त्याला पुण्याची शाळा सांगितली, डॉक्टर सांगितले, म्हाताऱ्या आईला झेपणार नाही हे सांगितलं. माझ्या प्रत्येक मुद्द्याला तो "व्हय" म्हणाला. मुद्दे संपले तरी तो आगटीकडं बघत तसाच बसून होता. सकाळी सांगते, म्हणून मी उठले. मनात ठरलेलंच होतं: मुलं माझ्याबरोबर येणार.

सकाळी मी रूथची वेणी घालत होते. बॅग भरून दाराशी ठेवली होती.

"मावशी, मी इथं राहते," ती म्हणाली. "दाविदला तू ने."

का गं, असं मी विचारलं.

"पप्पा एकटेच जेवतात. आम्ही दोघं राहिलो तर तू एकटी जेवशील. म्हणून एक पप्पांना, एक तुला."

आम्ही दोघं मोठी माणसं ओढाताण करत होतो आणि ती पोर एवढ्याशा डोक्यानं भावाला वाटणीत देऊन टाकत होती. त्यात तिला स्वतःला काय हवं ते कुठंच नव्हतं. मी तिची वेणी पूर्ण केली, रिबीन बांधली. मग बॅग उघडून दोघांचे कपडे बाहेर काढले आणि विहीणबाईंच्या पेटीवर ठेवले. दारात उभ्या असलेल्या प्रकाशनं तोंड फिरवलं आणि खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले.

पोरगं खेळात आहे तोवर गुपचूप निघा, असं विहीणबाईंचं म्हणणं. मला ते पटलं नाही. दाविद दुकानासमोर हवा भरलेल्या ट्यूबमध्ये बसला होता. मी जाते, तू आणि ताई पप्पांजवळ राहायचं, असं त्याला नीट सांगितलं. तो "बाय" म्हणाला आणि पुन्हा ट्यूबवर उड्या मारायला लागला. त्याच्या वयात तेच बरोबर आहे. रूथ मात्र गाडी येईपर्यंत माझं बोट धरून होती.

परतीच्या तीन जागा मी पुण्यातच राखून ठेवल्या होत्या. कंडक्टरनं यादी पाहून विचारलं, ताई, बाकीचे दोघं? राहिले, मी म्हणाले. मागं एक बाई तान्हं मूल घेऊन उभी होती, तिला मी शेजारी बसवलं. नळदुर्गचा बुरूज आला आणि गेला. मी कढई चढवून त्या घराचा दुखवटा सोडवून आले होते, आणि आता माझं घर सुनं झालं होतं. त्यात मुलं सुखरूप होती, बापाजवळ होती, त्यामुळे रडायलाही मला तोंड नव्हतं.

सोलापूर यायच्या आधी त्या बाईनं, प्रवासात सगळ्या बाया विचारतात तसं, विचारलं, "तुमाला लेकरं किती?"

एरवी मी सांगते, लग्नच केलं नाही.

"दोन," मी म्हणाले. "गावाकडं असतात, वडिलांपाशी."

तिनं ते खरं मानलं. सोलापूरला ती उतरेपर्यंत मीही मानलं.