चवथीचा मराठी वर्ग

माझे पती उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत टाइमकीपर होते. दरड कोसळली त्यात ते गेले. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि बालाघाटला सासऱ्यांकडे राहत होते. मला रडू आलं नाही. सांगितलं की जेवायची, सांगितलं की निजायची.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी पाद्रीसाहेब सायकलवर आले. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे, इंग्रजांच्या राज्यात स्कॉटलंडहून आलेले. इंग्रज गेले तरी ते इथेच राहिले. मी त्यांच्याच मिशन शाळेत मॅट्रिक झाले होते. आयुष्य भंडाऱ्याकडच्या खेड्यांतून गेल्यामुळे ते आमच्यासारखंच बोलत.

सासऱ्यांनी त्यांना ओसरीवरच अडवलं. "काहून आले, साहेब? सुनेले बाटवाले?"

"नाही. शिकवाले न्याले आलो," पाद्रीसाहेब म्हणाले. "राज्यं वाटली तवा बालाघाट मध्यप्रदेशात राहिलं अन् मराठीच्या बाई नागपूरले निघून गेल्या. चवथीचा मराठी वर्ग तसाच बसून राहते."

सासरे वाटेतून बाजूला झाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाते का तू?"

मी "हौ" म्हटलं. त्या दिवसांत कशालाही हौच म्हणत होते.

वर्गात अकरा मुली होत्या. मी कविता म्हणून घ्यायची, पाढे घ्यायची. माझाच आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटायचा. पाद्रीसाहेब कधी डोकावून गेले नाहीत, कशी आहेस म्हणून विचारलंही नाही. असं वर्षभर चाललं. मग एकदा हजेरीपट द्यायला गेले तेव्हा मीच विचारलं, "तुम्ही सगळ्यांना देवाचं सांगता. मला काहीच का सांगत नाही?"

त्यांनी चष्मा काढला. "माझी बायको अन् पोरगी एकाच आठवड्यात पटकीनं गेल्या. लोक येऊन लई चांगलं बोलले. मले नुसते आवाज ऐकू येत. पाद्री असून मले प्रार्थना करता येत नव्हती."

"मग काय केलं?"

"घंटा झाली का वर्गावर जात होतो. दोन वर्षं तेवढंच केलं. मनात काही नसलं तरी माणसाले काम करता येते, बाई. त्यात लबाडी नाही. मले आधी तेच समजत नव्हतं."

मला वाटायचं, काही वाटत नाही हा माझाच गुन्हा आहे. ते त्या दिवसापासून वाटेनासं झालं. बाकी फरक पडला नाही.

पुढच्या काही वर्षांत मराठी घरांतल्या मुलीही हिंदी वर्गात जाऊ लागल्या. माझ्याकडे चारच उरल्या. वर्ग बंद करा असं सगळे म्हणत होते. पाद्रीसाहेबांनी तो चालू ठेवला.

ते एका हिवाळ्यात न्यूमोनियाने गेले. शाळेला सुट्टी देऊ नका, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी चौघींना शुद्धलेखन घातलं, वह्या तपासल्या आणि मग दफनाला गेले. सासरे माझ्याआधीच येऊन पोचले होते. कबर खणणाऱ्यांपैकी एकाला दम लागला, तेव्हा चप्पल काढून त्यांनी फावडं हातात घेतलं. मी उभी राहून बघत होते. डोळे कोरडेच होते, आणि त्याची लाज वाटली नाही.