आपाचं नाव यादीत आलं

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. ती धरणगावात जन्मली, नगरपालिकेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली आणि एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन कराचीला गेली. तिथं नवऱ्यानं तिचा तिकडचा पासपोर्ट काढला. त्या कागदानं ती भारताची नागरिक राहिली नाही, हे आम्हांला तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. आठ वर्षांनी त्यानं तलाक दिला आणि दिरानं तिला एका पत्र्याच्या पेटीसकट गाडीत बसवून दिलं. स्वतःच्या घरी ती पाहुणी म्हणून आली. काही महिन्यांचा व्हिसा, तोही फक्त जळगाव जिल्ह्यापुरता.

मग मुदतवाढीचे अर्ज सुरू झाले. अब्बा तिला घेऊन जळगावच्या पोलीस ऑफिसात जायचे, दिवसभर बाकावर बसून शिक्का घेऊन यायचे. अधूनमधून गावातला हवालदार चौकशीला यायचा. भला माणूस होता. दारातूनच अहिराणीत विचारायचा, "बहीण घरमा शे ना? बठ्ठं ठीक शे?" सगळं ठीक आहे म्हटलं की वळायचा. तरी त्याची सायकल गल्लीत वळली की आपा हातातलं काम टाकून आतल्या खोलीत जायची आणि तो जाईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहायची. आमची खाला, म्हणजे मावशी, धुळ्याला होती. तो दुसरा जिल्हा, म्हणून आपाला तिथं जायची मुभा नव्हती. खालाच एसटीनं येऊन तिला भेटून जायची.

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. मतदार याद्यांचं काम शिक्षकांकडेच असायचं. मला स्टेशनकडची घरं दिली होती, आमच्या गल्लीत दुसरे एक गुरुजी फिरले. कच्ची यादी छापून आली तेव्हा तपासायला तिचे गठ्ठे शाळेत आले. आपल्या घराचा नंबर दिसला म्हणून मी सहज पाहिलं. अब्बांचं नाव, खाली माझं, आणि त्याखाली आपाचं. वडिलांचं नाव, वय, सगळं बरोबर.

दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असलेली बाई आमच्या मतदार यादीत! हा गुन्हा होता, आणि मी त्याच खात्याचं काम करत होते. टेबलावर लाल पेन पडलं होतं. एक रेघ ओढली असती तर कुणाला कळलं असतं? पेन उचललं, आणि शेजारच्या बाईंनी मान वर केली तसं खाली ठेवलं. उरलेली पानं मी कशी तपासली ते आठवत नाही.

घरी आल्यावर दार लावून अब्बांना विचारलं. आमच्या घरात उर्दू चालायची, इथं मराठीत लिहिते.

"गुरुजींनी विचारलं, घरात माणसं किती? मी तीन सांगितली," अब्बा म्हणाले.

"आणि त्यांच्या कागदावर सही?"

"माझीच." मग एकदम चिडून म्हणाले, "दोन सांगू? पोटची पोर समोर चहा घेऊन उभी होती!"

आपा चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "आता मला परत पाठवतील," एवढंच म्हणाली. अब्बांचं म्हणणं पडलं, गप्प बसावं, एवढ्या नावांत कोण बघतंय. मलाही तेच हवं होतं. माझी नोकरी नवीन होती, घर त्या पगारावर चालत होतं. पण आपा म्हणाली, "लपवलं तर रोज तो हवालदार दारात दिसेल. आपणच जाऊन सांगू."

तेव्हा आमची तहसील एरंडोलला होती. सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं गेलो. नायब तहसीलदारांनी नाव वगळण्याचा आमचा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि आपाकडे पाहिलं.

"हिनं मतदान केलं का?"

"नाही साहेब," मी म्हणाले. "यादी कच्चीच आहे."

"तुम्हांला कळतंय ना, सहीसकट खोटी माहिती दिलीय? पोलिसांना कळवावं लागेल."

अब्बांनी हात जोडले. कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन दुरुस्त करणारे ते जाड हात कुणापुढे जोडलेले मी कधी पाहिले नव्हते. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. बाहेर कारकुनानं हळूच सांगितलं, "बाई, अर्जाची पोच घेतल्याशिवाय जाऊ नका." मी शिक्का मारलेली पोच घेतली.

तीन आठवड्यांनी हवालदार आला. या वेळी तो दारात थांबला नाही, ओट्यावर बसला. जळगावला बोलावलं होतं. आपानं पेटी भरली. मी म्हटलं, "पेटी कशाला?" ती म्हणाली, "तिथूनच नेलं तर?"

जळगावच्या अधिकाऱ्यानं तिला आत एकटीला बोलावलं. आम्ही बाकावर. अब्बा सारखे दाराखालच्या फटीकडे बघत होते. तासाभरानं मला बोलावलं. मी पोच पुढे केली. त्यांनी तारीख दोनदा वाचली.

"हे तुम्ही स्वतःहून कळवलंत?"

"हो."

"म्हणून सुटलात. पक्की यादी लागल्यावर सापडलं असतं तर ही आज बॉर्डरवर असती."

समज देऊन त्यांनी सोडलं. एसटीत आपानं पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

सलग पाच वर्षं राहिल्यावर नागरिकत्वाचा अर्ज करता आला. पुन्हा चौकशा, पुन्हा शेजाऱ्यांचे जबाब. तिकडचा पासपोर्ट जमा केला. कलेक्टर कचेरीत उभं राहून तिनं निष्ठेची शपथ घेतली ती मराठीत, शाळेत पाठ केल्यासारखी. प्रमाणपत्र हातात आल्यावर पहिल्यांदा ती धुळ्याला गेली, खालाकडे. तिथून आठ दिवस हलली नाही.

मी मतदार यादीचा फॉर्म आणला तेव्हा मात्र तिनं तो बाजूला सारला. "नको. माझं नाव कुठं छापायलाच नको." एक निवडणूक तशीच गेली. पुढच्या वेळी अब्बांनी स्वतः फॉर्म भरला आणि सहीसाठी तिच्यासमोर धरून उभे राहिले.

मतदानाच्या दिवशी मी बाळंतपणासाठी सासरहून माहेरी आलेली, रजेवर होते म्हणून ड्युटी नव्हती. तिच्याबरोबर गेले. आतल्या माणसानं तिचं नाव मोठ्यानं वाचलं आणि ती जागच्या जागी थांबली. टेबलाशी बसलेले पक्षांचे एजंट याद्यांत बोट फिरवत होते. दाराशी पोलीस होता. कुणी हरकत घेतली नाही. मी पाठीला हात लावला तेव्हा ती पुढे झाली, बोट पुढे केलं. शिक्का मारून, घडी घालून तिनं कागद पेटीत टाकला.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "आता कुणी विचारायला येईल?"

"कुणी नाही येणार."

संध्याकाळी तिला ताप भरला. दोन दिवस होता. डॉक्टरांना काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी उठली, माझ्या बाळाला तेल लावायला बसली आणि म्हणाली, भूक लागलीय.