बेरीज चुकली की फोन मला येतो

आमच्या ऑफिसात किस्से कुणी सांगायला बसत नाही. ते फोनवरून आपणहून येतात, आणि फोन उचलायचं काम माझं. भिसेगावात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर आमची एक खोली आहे. कर्जत-खालापुरातल्या लोकांना आम्ही वेबसाइट करून देतो, आणि प्रत्येक फॉर्मच्या तळाशी ‘अडचण आल्यास संपर्क’ म्हणून माझा नंबर असतो. अडचण न आलेला माणूस मला अजून भेटायचाय!

ऑफिसात माणसं चार. मालक भोईर सर, कोड लिहिणारे निखिल आणि प्रणाली, आणि मी. काम म्हणाल तर पहिलीतल्या पोराचं. लोकांनी चौकटीत टाकलेला आकडा खरंच आकडा आहे का ते तपासायचं, याला ही पोरं ‘व्हॅलिडेशन’ म्हणतात, आणि खाली बेरीज दाखवायची. जावास्क्रिप्ट नावाची भाषा ते करते. कसं करते ते मला विचारा! त्यातल्याच एका फॉर्मपायी प्रणालीचे मामा तिच्या लग्नाला येईनात, आणि तेव्हा मात्र आमच्यातलं कोणीही हसत नव्हतं.

*

पळसदरीच्या धरणाजवळ एका काकांचं फार्महाउस आहे. त्यांच्या बुकिंगच्या फॉर्मवर मोठी माणसं किती, मुलं किती आणि खाली एकूण, एवढंच होतं. पहिलं बुकिंग आलं. मोठे चार, मुलं दोन. काकांना मेसेज गेला, ‘एकूण पाहुणे बेचाळीस’!

झालं असं, की चौकटीतला आकडा जावास्क्रिप्टला आधी नुसता मजकूर वाटतो. हा आकडा आहे बाई, असं तिला वेगळं सांगावं लागतं. ते निखिल विसरला होता. तिनं चाराला दोन चिकटवले आणि मोकळी झाली.

काका तडक कामाला लागले. गावातून गाद्या जमवल्या, मंडपवाल्याकडून मोठी पातेली आणली, आणि काकूंनी शेजारणींना भाकऱ्या थापायला बसवलं. शनिवारी दुपारी एक गाडी आली. त्यातून सहा जण उतरले. काका बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले आणि मग अदबीनं म्हणाले, "बाकीची मंडळी टेंपोनं येतायत काय?"

सोमवारी भोईर सरांनी निखिलला समोर उभं केलं. "निखिल, मला एकच सांग. ही बेरीज हाय का गोंद?"

*

मोहोपाड्याच्या एका कॉलनीत चाळिशी उलटलेल्यांची क्रिकेट स्पर्धा असते. टीममधल्या अकरा जणांच्या वयांची बेरीज पाचशेच्या वर हवी असा नियम, म्हणजे कुणी गुपचूप तरणा पोरगा घुसवायला नको. एका टीमचे कॅप्टन पवार काका. त्यांचा फोन आला.

"मॅडम, माझं वय घेत नाय तुमचा फॉर्म."

"काय म्हणतोय तो?"

"वैध संख्या टाका म्हनतोय. बासष्ट वर्सं काय मी अवैध काढली?"

खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की काकांच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे आणि फॉर्मला देवनागरी आकडे वाचता येत नाहीत. मी म्हटलं, "काका, इंग्रजी आकडे टाकून बघा ना."

"माझं वय मराठीत झालंय! इंग्रजीत कशाला सांगू?"

मी फोन ठेवला आणि निखिलला हाक मारली. निखिलनं संध्याकाळपर्यंत फॉर्मला मराठी आकडे शिकवले. पवार काकांची टीम पहिल्याच मॅचला हरली. पण वयांची बेरीज सगळ्यांत जास्त आमचीच आली, हे त्यांनी मला मुद्दाम फोन करून कळवलं.

*

आमच्या भोईर सरांनाही सोडायचं कारण नाही. खालापूरचे एक मंडप-डेकोरेशनवाले शेठ फॉर्म बघायला आले होते. सरांनी लॅपटॉप फिरवून त्यांच्यासमोर ठेवला, झोकात ‘खुर्च्या’ या चौकटीत शंभर टाकले आणि खालची बेरीज दाखवायला माउसचं चाक फिरवलं.

आता या आकड्यांच्या चौकटीत एक खोड आहे. आपण तिच्यात असताना चाक फिरवलं, की पान हलत नाही, आकडाच हलतो. सर चाक फिरवतायत आणि खुर्च्या कमी होतायत. नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव...

"ओ सर, खुर्च्या कुठं चालल्या आमच्या?" शेठ म्हणाले.

सरांच्या कपाळावर घाम आला. प्रणालीनं मान खाली घालून की-बोर्ड पुसायला घेतला. सर चाचरत म्हणाले, "ते... फीचर हाय."

शेठनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. "बरोबर हाय. दर लग्नातनं अशाच जातात."

काम आम्हालाच मिळालं!

*

एक अगदी छोटा किस्सा. दूध डेअरीच्या फॉर्मवर सकाळचं एक पॉइंट एक लिटर, संध्याकाळचं दोन पॉइंट दोन. बेरीज आली तीन पॉइंट तीन, पुढे शून्यांची लांबलचक रांग आणि अगदी टोकाला पुन्हा एक तीन. दशांश आले की जावास्क्रिप्टचं हे असंच होतं म्हणे. डेअरीवाल्या ताईंनी फोनवर सगळी शून्यं मोजून वाचून दाखवली आणि विचारलं, "हे शेवटचं तीन कुणाच्या म्हशीचं हाय?"

*

पळसदरीच्या काकांकडे पुन्हा एक बुकिंग आलं. मोठे आठ, मुलं वजा दोन. एकूण सहा.

आता वजा मुलं कशी असतात? मी बुकिंग करणाऱ्या साहेबांना फोन लावला. माणूस मुंबईचा, एकदम सभ्य. म्हणाला, "मॅडम, आठ जण येणार आहोत, पण दोघं दुपारचं जेवून लगेच परत जाणार आहेत. वजा करायला दुसरी चौकट दिसली नाही."

प्रणालीनं त्याच दिवशी वजाचं चिन्ह बंद केलं. भोईर सर मात्र अजून म्हणतात, की हिशेब त्या माणसाचाच बरोबर होता.

*

मग प्रणालीचं लग्न आलं. घर मोहोपाड्याला, वडील तिथल्याच एका कारखान्यात स्टोअरला. वडिलांनी सगळ्या नात्यात चूलबंद आमंत्रण देऊन ठेवलेलं, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, अख्खं घर लग्नात जेवायला. प्रणालीनं विचारलं, "बाबा, पण माणसं किती?" बाबा म्हणाले, "येतील तेवढी!"

कोड लिहिणाऱ्या माणसाला हे उत्तर पचत नाही. त्यात हॉल छोटा. तिनं फॉर्म केला. नाव, घरातून किती जण येणार, आणि खाली बेरीज. तळाशी नंबर अर्थात माझा, कारण तिला शॉपिंगमधून फुरसत कुठली!

आकडे यायला लागले. एका आत्यानं साडेतीन टाकले. मी विचारलं तर म्हणाल्या, "बारकं पोर अर्धंच जेवतं गं. येष्टीत पन हाफ तिकीट हाय." एका काकूंना आकडा टाकायचाच नव्हता, त्या चौकटीत ‘सगळे’ असं लिहायला बघत होत्या. एका घरातून तर एकदम साठ! सहाला चुकून शून्य लागलं होतं, पण ते कळेपर्यंत प्रणाली पार घाबरून गेली. तिनं फॉर्मला वेसण घातली. अर्धी माणसं बंद, आणि एका घरातून जास्तीत जास्त चार.

*

दुसऱ्याच दिवशी फोन वाजला.

"हालो, ते फॉर्मवालं ऑफिस का?"

"हो, बोला."

"मी मिलिंद. प्रनालीचा मामा."

मिलिंद मामांबद्दल आम्ही रोज ऐकायचो. प्रणाली कॉलेजला असताना खालापूरला त्यांच्याकडेच राहिली होती. मामा रोज सकाळी तिला बाइकवरून स्टँडवर सोडायचे आणि गाडी सुटेपर्यंत उभे राहायचे. तिच्यातल्या निम्म्या गोष्टी ‘आमचा मामा म्हणतो’ अशाच सुरू होतात.

"घरात आमी सहा मानसं," मामा म्हणाले. "सहा टाकलं तर लाल अक्षरात म्हनतंय, चारपेक्षा जास्त चालनार नाहीत. आता तुमीच सांगा, कुनाला घरी ठेवू? आईला का बायकोला?"

"अहो मामा, ते व्हॅलिडेशन..."

"व्हॅलिडेशन कोन? नवरदेवाकडचा हाय का?"

मला हसू आलं, तेच चुकलं. मामांचा आवाज बदलला. "लगीन हाय का पोलीस भरती? तिला सांगा, मामा येत नाय."

फोन बंद. प्रणालीनं सगळं ऐकलं होतं. तिनं त्याच मिनिटाला चारची अट काढून टाकली, पण आता मामा फॉर्म उघडेनात आणि तिचा फोनही उचलेनात. आई जाऊन आली, बाबा जाऊन आले. मामांनी दोघांना चहा पाजला, ख्यालीखुशाली विचारली, पण येतो म्हणाले नाहीत. शेवटी भोईर सरांनी स्वतः फोन केला. त्यांना उत्तर मिळालं, "आमाला तुमच्या बेरजेतनं वजा समजा."

एरवी डबा खाताना सगळ्यात मोठा आवाज प्रणालीचा. त्या आठवड्यात ती भाकरीचे तुकडे करत नुसती बसायची. एकदा म्हणाली, "मामा नसेल तर मी कुणाकडे बघून उभी राहू गं, ताई?" मला फार वाईट वाटलं. मामांचा राग आला, आणि त्या लाल अक्षरांचा तर त्याहून जास्त.

*

लग्नाचा आठवडा आला. प्रणाली रजेवर होती. ज्यांनी आकडा टाकला नव्हता त्यांना फॉर्मनं आपणहून आठवणीचा मेसेज धाडला. तो मामांनाही गेला, आणि मामांचा फोन मला आला.

"आकडा टाका म्हनून मेसेज आला. शून्य टाकतोय, तर घेत नाय. नाय येत, असं सांगायची पन सोय नाय का तुमच्यात?"

फोन स्पीकरवर होता. निखिल जागेवरून हातवारे करायला लागला. घरटी एक तरी माणूस धरायचंच, असं प्रणालीनं ठरवलं होतं, आणि शून्य टाकणाऱ्या कोणालाही दिसेल असं एक वाक्य तिनं फॉर्मात घालून ठेवलं होतं. मला ते ठाऊक नव्हतं. मी सगळ्यांना विचारते तसंच त्यांना विचारलं, "लाल अक्षरात काय लिहिलंय, वाचा बघू."

मामा चष्मा शोधत असावेत. मग एकेक शब्द सावकाश ऐकू आला. "तुमच्या घरातून... किमान एक माणूस... हवाच."

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा पुटपुटत वाचली.

"हवाच म्हनतेय," मामा हळूच म्हणाले. "हे तिनं लिवलंय?"

"हो मामा. तिनंच लिहिलंय."

यात खोटं काही नव्हतं. मामांनी फोन ठेवला. निखिलनं फॉर्म उघडून बघितला, तर बेरीज सहानं वाढली होती. भोईर सर उगाचच खिडकीशी जाऊन उभे राहिले.

लग्नाच्या दिवशी मामा सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर. घरची सहाच्या सहा माणसं बरोबर, म्हाताऱ्या आईसुद्धा. बुद्धवंदना झाली, हार घालून झाले, तोवर मामा प्रणालीच्या मागून हलले नाहीत. प्रणाली रडून घेत होती आणि हसतही होती. जेवणं सुरू झाल्यावर मामांनी मोबाइल बाहेर काढला. त्या लाल ओळीचा त्यांनी फोटो काढून ठेवला होता! व्याह्यांना दाखवला, वाढप्यांना दाखवला, फिरत फिरत आमच्या टेबलाशी आले. "बघा, भाचीनं मला काय लिवलंय."

निखिल शिकलेला आहे, पण त्याला अक्कल यायची आहे. "अहो मामा, ते शून्य टाकलं की आपोआप..." मी त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी मोबाइलकडे बघितलं, मग शेजारी उभ्या असलेल्या प्रणालीकडे.

"काय गं, सगळ्यांनाच येतं का हे? मला वाटलं, माझ्याचसाठी लिवलंस."

प्रणालीनं गळ्यातला हार सावरला.

"मामा," ती म्हणाली, "दुसऱ्या कुणी शून्य टाकलंच नाही."