फॉन्डंट लाटायचं मशीन आणि आमचे हात

पोशीरहून निघाले तेव्हा जीपच्या टपावर आमच्या दोन मोठ्या बॅगा होत्या आणि अंगणात अख्खी भावकी. बाबांनी त्या बॅगा भाताचे भारे बांधायच्या दोरीने आवळल्या होत्या. विमानतळावरच्या मुलीने ती दोरी कात्रीने कापली तेव्हा मला उगाचच रडू फुटलं. नवरा रसायनीच्या एका कारखान्यात ऑपरेटर होता, त्याला न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला दूध पावडरीच्या कारखान्यात नोकरी लागली, गोष्ट एवढीच. पण गावाने निरोप असा दिला की जणू मी चंद्रावर चालले होते. आई जीपपाशी आली. बाकीच्या बायकांसारखी गळ्यात पडून रडली नाही. एवढंच म्हणाली, "जा बाय. रडत बसूं नको. हाताला काम ठेव, म्हंजे मानूस परक्या गावात बी टिकतंय." मला रागच आला. काय ही बाई! लेक सातासमुद्रापार चालली आणि हिला कामाचं पडलंय.

पण तिचंच ऐकलं मी. आधी एका मोटेलमध्ये चादरी बदलल्या. मग लेकीच्या वाढदिवसाला घरी केक केला, तो शेजारणीला आवडला, तिने तिच्या नणंदेला सांगितलं, आणि बघता बघता केक विकण्यासाठी माझं घरचं किचन रजिस्टर झालं. तुमच्यापैकी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, फॉन्डंट म्हणजे साखरेची मऊ कणीक. ती पोळीसारखी लाटायची आणि अख्ख्या केकवर एका दमात पांघरायची. कुठे सुरकुती नको, कुठे चीर नको. आयुष्यभर तांदळाच्या भाकऱ्या थापलेल्या घरातली मी, मला हे काम आईच्या पोटातूनच आल्यासारखं जमलं. इथे शाळेच्या गेटवर मला कुणी आडनावाने ओळखत नाही, उच्चारताच येत नाही त्यांना. मी 'केक लेडी'. या देशात माझी ओळख म्हणून जे काही आहे ते एवढंच.

आणि नेमके हातच धरले. आधी अंगठ्याच्या मुळाशी दुखायचं, मग मनगट, मग दोन्हीकडची बोटं सुजायला लागली. बरणीचं झाकण उघडेना, लेकीच्या ड्रेसची बटणं लागेनात. डॉक्टरने रक्त तपासलं आणि म्हणाला, संधिवात आहे, औषधाने ताब्यात राहील, जाणार नाही. मी घरी येऊन भांडी घासली. दुसरं काय करणार? त्याच आठवड्यात दोन मजली केकची ऑर्डर होती. तो लाटताना लाटण्यावर जोर देववेना, म्हणून कोपरांनी रेटलं, आणि डोळ्यातलं पाणी केकवर पडू नये म्हणून मान वळवून उभी राहिले.

हे दुखणं मी आधी पाहिलेलं होतं. आईला तेच. नेरळच्या डॉक्टरची इंजेक्शनं झाली, कर्जतची झाली, वहिनी रोज निरगुडीचा पाला गरम करून बांधायची. आमच्याकडे लग्नघरी हळदीच्या दिवशी भावकीतल्या बाया मिळून भाकऱ्या करतात. चुली एका रांगेत, प्रत्येकीची जागा ठरलेली, आणि आईची जागा मधल्या चुलीवर. तिची भाकरी कागदासारखी पातळ आणि टम्म फुगलेली. दुखायला लागल्यापासून ती लग्नाच्या दिवशी सकाळी चहाबरोबर गोळी गिळून जायची, हसत थापत बसायची, आणि पुढचे दोन दिवस तिला ताटलीसुद्धा उचलवत नसे. कुणाला पत्ता लागू दिला नाही. दुखणं घेऊन चारचौघांत जायचं नाही, ही आमच्या घरची रीतच.

मग एका लग्नात तिच्या हातून उकडीचा गोळा परातीत पडला, लागोपाठ दुसराही पडला. कुणीतरी प्रेमानेच म्हणालं, "काकी, तू उठ गं. तिकडं भिंतीपाशी बसून लसून सोल." वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण लसूण सोलायला बसली की बाई चुलीवरून उठली ती उठलीच, परत तिला कुणी बोलावत नाही. आई त्या दिवशी लग्नघरी जेवली नाही. मला फोनवर म्हणाली, "माजी भाकर सपली गं बाय." मी इकडे फोन धरून उभी. मी म्हटलं, बरं झालं, आता आराम कर. किती मूर्खासारखं बोलतो आपण लांबून!

म्हणून जेव्हा हातांची काळजी घेणाऱ्या थेरपिस्ट बाईने मला सांगितलं, "लाटणं सोड, मशीन घे," तेव्हा मला लसणाची टोपलीच समोर दिसली. नवऱ्यालाही म्हटलं, मशीनने लाटायचं तर मग मी कशाला हवी? तो गरीब बिचारा रात्रपाळी करून आलेला, त्याने चहा ठेवला. पण ऑर्डरी परत पाठवायची वेळ आली तेव्हा गुमान शोधायला बसले. केक सुटला असता तर मी इथे कोण होते?

मशीनं तीन तऱ्हेची. एक छोटं, ओट्याला चिमट्याने अडकवायचं आणि हाताने दांडा फिरवायचा. दुसरं जरा मोठं, रुंद पट्टी निघणारं, पण त्याचाही दांडा हातानेच फिरवायचा. तिसरं विजेवरचं, पायाने दाबायचं पेडल असलेलं, अवजड आणि महाग. इंटरनेटवर सगळ्या जणी सांगतात की पट्टी किती रुंद निघते, किती पातळ निघते. दांडा फिरवताना मनगटाचं काय होतं, ते कोण सांगतंय?

केकचं सामान विकणाऱ्या दुकानात तिन्ही मांडलेली होती. शनिवारी निघाले. चांगला कुर्ता घातला, केस नीट बांधले, आणि निघताना चहाबरोबर दुखण्याची गोळी घेतली. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. बाहेर जायचं म्हटल्यावर हात आपोआप डबीकडे गेला. दुकानात मधल्या मशीनचा दांडा असा फिरला म्हणून सांगू, लोण्यासारखा! दुकानातली जॅनेट नावाची बाई म्हणाली, तुम्हाला अगदी सोपं जातंय की. मला कोण आनंद! विजेचं घेण्याइतकं काही आपलं बिघडलेलं नाही, या खुशीत ते मशीन गाडीत टाकून आणलं.

सोमवारी सकाळी दांडा हलेना. उजव्या हाताने फिरवावा तर मनगटातून कळ खांद्यापर्यंत, डाव्या हाताने फिरवावा तर पट्टी धरायला हात उरत नाही. अर्धी पट्टी आत, अर्धी बाहेर, आणि मी ओट्याला टेकून उभी. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला की मशीनची पारख मी नाही, गोळीने केली होती. मी तिथे आईसारखी लग्नाला गेले होते.

थेरपिस्ट बाईला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "ज्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतंय त्या दिवशी जा. गोळी न घेता जा." ऐकायला सोपं. पण त्या दिवशी दुकानाचं दार मला ढकलवेना, एका अनोळखी माणसाने ते उघडून धरलं. केस विंचरलेले नव्हते. अंगात घरातलाच ढगळ स्वेटर, कारण त्याला बटणं नाहीत. मधलं मशीन परत केलं, जॅनेटला बोटं दाखवली आणि म्हटलं, या हातांना जमेल ते दाखव. आयुष्यात पहिल्यांदा मी दुखणं घेऊन चारचौघांत उभी राहिले, आणि लाजेने माझे कान तापले होते. जॅनेटने खुर्ची आणली. विजेच्या मशीनच्या पेडलवर पाय ठेवला. साखरेची कणीक एका बाजूने गेली आणि दुसऱ्या बाजूने तळहातावर अलगद येऊन पडली. किती वजन, कोण उचलून देणार, रोलर धुवायला निघतात का, सगळं विचारलं. दुकानवाले घरी येऊन बसवून देणार होते. तेच घेतलं.

घरी पहिली पट्टी निघाली तेव्हा मी ढसाढसा रडले. किती सुंदर होती! एक सुरकुती नाही. आणि माझ्या हातांनी त्यात काहीच केलं नव्हतं. नवरा पाठीवर हात ठेवून म्हणाला, "केकवर कुणी घालायची आता, पेडलने?" तेव्हा कुठे डोळे पुसले आणि उठले.

आईला माझ्या हातांचं सांगितलेलं नव्हतं. तिला स्वतःचंच काय कमी होतं? म्हटलं, मशीन दाखवू, ऑर्डरी वाढल्या म्हणून घेतलं असं सांगू. माझ्या दुपारी तिची सकाळ असते. व्हिडिओ कॉलवर वहिनीने फोन धरला होता, आई दारातल्या खुर्चीत बसलेली. मी पट्टी काढून दाखवली. ती बघत राहिली. म्हणाली, "ब्येस हाय. ह्यातून भाकर निंगंल का गं?" वहिनी हसली, मीही हसले. मग आई म्हणाली, "मशीन ऱ्हाऊं दे. तुजं हात दाव."

मी म्हटलं, पिठाचे आहेत, नंतर.

"दाव म्हनते ना."

दाखवले. तिने फोन जवळ आणायला सांगितला. स्क्रीनवर तिचे डोळे मोठे झाले. मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती. मग तिने आपलाही हात वर केला. त्याच जागी सुजलेला, त्याच बाजूला वळायला लागलेला अंगठा. "मला वाटलं व्हतं," ती म्हणाली, "माज्यावरच सपंल ह्ये." आणि ती रडली. मी निघाले तेव्हा न रडलेली माझी आई, वहिनीच्या खांद्यात तोंड घालून रडली, आणि मला इथून तिला पदरसुद्धा देता आला नाही.

तुम्ही जे तिथे राहिलात ते विचारता, तिकडेच घर झालं का आता? आणि जे माझ्यासारखे निघून आलात ते विचारता, परत जावंसं वाटतं का? मला यातलं काही नीट सांगता येत नाही. पोशीरला मी आता चार दिवसांची पाहुणी, आणि भाकऱ्यांच्या चुलीपाशी माझी जागा कधी झालीच नाही. इथे घर आहे, कामही टिकलं, शनिवारी तीन केक जायचे आहेत. इथली माणसं वाईट नाहीत. भेटली की विचारतात, कशी आहेस, आणि मी म्हणते, छान. त्यांनाही तेच ऐकायचं असतं.

पण हल्ली रोज दुपारी फोन वाजतो. आई 'कशी आहेस' विचारत नाही, 'जेवलीस का' विचारत नाही. विचारते, "आज मूठ वळली का गं?" आणि मी तिला खरं सांगते.

"नाय वळली, आये."

"माजी बी नाय," ती म्हणते.