एकोणचाळीस मिनिटं मागे

मला बघायला आला तेव्हा माझ्या नवऱ्याने खिशातून दोन घड्याळं आणली होती आणि त्यांतलं एकही चालत नव्हतं. एकाला काटे नव्हते, दुसऱ्याला काच. आईने त्याच्या मामाला विचारलं होतं, "पोराकडं काय काय हाय?" मामा बोटांवर मोजून सांगत होता, वडपे गावचं शेत, दोन बैल, भिवंडीत लूम फिटरचं, म्हणजे माग दुरुस्तीचं काम. तेवढ्यात याने रुमालाची गाठ सोडली आणि ती दोन मेलेली घड्याळं आमच्या ओटीवर मांडली. "नि ही," म्हणाला. मी दाराआडून बघत होते. मला हसू फुटलं आणि त्याच घटकेला तो मला आवडला. आवडला म्हणजे आवडलाच, आता या वयात आढेवेढे कशाला घेऊ?

पण आमच्या घरात माझ्या आवडीने काही ठरत नव्हतं. ठरायचं ते बाबांच्या घड्याळाने.

बाबा तरुणपणी मुंबईत एका बाजाराचं फाटक उघडायच्या कामाला होते. त्या काळी मुंबईत दोन वेळा चालायच्या. एक सगळ्या देशाची स्टँडर्ड, आणि दुसरी शहराची स्वतःची, तिला मुंबई टाइम म्हणत. मुंबई टाइम स्टँडर्डपेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे असे. बाबांचं फाटक मुंबई टाइमवर उघडायचं. पुढे शहराने आपली वेळ सोडून दिली आणि मालकाने हुकूम काढला, उद्यापासून स्टँडर्ड. म्हणजे रोज एकोणचाळीस मिनिटं आधी उठायचं, तेही फुकट. बाबांनी फाटकाच्या किल्ल्या मालकाच्या पुढ्यात ठेवल्या आणि साखळीचं विलायती घड्याळ बंडीच्या खिशात घालून आमच्या गावी, भिवंडीजवळच्या राहनाळला आले, भातशेती आणि मिठागर बघायला. ते घड्याळ त्यांनी कधीच स्टँडर्डवर लावलं नाही. संध्याकाळी रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या की त्यांच्या घड्याळात सहा एकवीस झालेले असत. "सरकारनं माजी येवढी झोप खाल्ली, मी ती परत घेतली," असं ते छाती काढून सांगत.

मला सांगायला हरकत नाही, बाप म्हणून तो माणूस लाखात एक होता, पण हट्टाला औषध नव्हतं. त्या घड्याळापायी माझी तीन स्थळं गेली. पहिला म्हणाला, घड्याळ बंद पडलंय वाटतं. दुसऱ्याच्या बापाने मनगटावरचं घड्याळ काढून बाबांच्या नाकासमोर धरलं, हे बघा बरोबर. तिसरा नुसता हसला, पण तेवढंही पुरलं. आता उरला होता दापोड्याचा एक बिजवर, माझ्याहून दुपटीने मोठा. आईने मला बजावून ठेवलं होतं की हे स्थळ हुकलं तर शिमग्याच्या आत त्या बिजवराला होकार कळवायचा. आई खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. त्या बिजवराच्या मिशा आठवल्या की मी देवाला हात जोडायचे.

ही गोष्ट आणीबाणीच्या आदल्या वर्षीची. पाहुण्यांना चार वाजता बोलावलं होतं. ते सायकलवर डबलसीट आले, चाराच्या ठोक्याला. म्हणजे आमच्या घरात अजून साडेतीनही वाजले नव्हते आणि बाबा उघड्या अंगाने ओटीवर घोरत होते. माझी वेणी अर्धी राहिली होती. पोह्यांच्या फोडणीला बसले तर मोहरीचा डबा रिकामा, शेजारी मागायला जायलाही सवड नाही. नुसत्या जिऱ्यावर भागवलं. बाहेर बाबा बंडीच्या गुंड्या लावत गुरगुरत होते, "चाराला बोलावला तं आत्ताच?"

मी पोहे घेऊन गेले. मामाची नजर बाबांच्या साखळीवर होती. बाबांनी घड्याळ काढून बघितलं तसं मामाने तोंड उघडलं, "पावनं, तुमचा घड्याल..." चौथंही गेलं, असं मनात म्हटलं. पण याने मामाच्या गुडघ्यावर हात दाबला आणि पुढे वाकून विचारलं, "काका, मुंबई टाइम काय?"

बाबा सावरून ताठ बसले. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं.

याला ते कळलं होतं भिवंडीच्या एका भंगारवाल्या चाचाकडून. लूमच्या जुन्या सुट्या भागांसाठी हा त्याच्याकडे जायचा आणि ढिगातून साखळीची घड्याळं निवडून आणायचा. एखाद्या शेटच्या घरी पेटीत जुनं घड्याळ पडलंय असं कळलं की लूम दुरुस्त करून मजुरीऐवजी ते मागायचा. शेट लोक हसायचे, पण द्यायचे. चाचाने एकदा त्याला सांगितलं होतं, "बेटा, बंबई की पुरानी घड़ी को कभी लेट मत बोलना, पहले पूछ लेना।" चाचाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

बाबांचा चेहरा खुलला होता. इथे गप्प बसला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. पण याने मामाचं मनगट ओढून त्याच्या घड्याळात बघितलं, मग बाबांच्या, ओठातल्या ओठात हिशेब केला आणि म्हणाला, "पन काका, मुंबई टाइमाच्या बी दोन मिनटं मागं हाय. मामाचा घड्याल मी सकालीच रेडिओवर लावलाय."

मला त्याच्या डोक्यात ताटली घालावीशी वाटली. कारण ते खरं होतं. बाबा रोज संध्याकाळी पाठ वळवून काटे हळूच दोन मिनिटं पुढे सारत, आणि ते आम्ही बघितलेलं नाही असं त्यांना वाटत असे. आता बाबा उठून दाराकडे बोट दाखवणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बाबांनी साखळी बंडीतून सोडवली होती आणि घड्याळ याच्या तळहातावर ठेवलं होतं. "बघ काय जालाय त्याला," ते म्हणाले. आजाऱ्याला डॉक्टरपुढे बसवताना होतो तसा त्यांचा आवाज झाला होता.

याने पांढरं फडकं मागितलं. मी माझा धुतलेला परकर आणून पसरला, घाईत दुसरं काय मिळणार? याने नखाने मागचं झाकण उघडलं, आणि मी दाखवायला बसवलेल्या मुलीसारखी न वागता सरळ पुढे वाकले. आतल्या सोनेरी पाटीवर वेलबुट्टी कोरलेली होती. कोपऱ्यांत लाल माणकं होती, डाळिंबाच्या कणीएवढी, आणि मधे एक चाक स्वतःशीच मागेपुढे झुलत होतं. आम्ही इतकी वर्षं ते घड्याळ ऐकलं होतं, पण आतून ते आमच्यापैकी कोणी बघितलंच नव्हतं.

"आत येवढी नक्षी?" बाबा कुजबुजले. "बघनार कोन?"

"उघडनारा," हा म्हणाला.

मला इतका आनंद झाला की काय सांगू! हा काडेपेटीच्या काडीने एकेक दाखवत होता, यात जोर साठतो, हे चाक तो पुढे नेतं, हे झुलणारं त्याला आवरून धरतं. बोलता बोलता त्याला त्या झुलणाऱ्या चाकाच्या बुडाशी कापसाचा तंतू दिसला. भिवंडीच्या हवेत कापूस कुठे नसतो? तो काढायला त्याने एक स्क्रू सैल केला, आणि टिक्क करून तो स्क्रू उडाला.

"कोनी हलू नका!" हा ओरडला. त्याच्या आवाजाने सगळे जागच्या जागी थिजले. आईचा पदर डोक्याशी राहिला. मामाने पोह्यांचा घास उचललेला, तो तोंडासमोर तसाच. हा आणि बाबा रांगत सारवलेली जमीन तळहाताने चाचपू लागले, दोघांची डोकी एकदा आपटलीसुद्धा. स्क्रू मिळेना. घड्याळ परकरावर मुकं पडलेलं. बाबांचा चेहरा इतका केविलवाणा मी कधी पाहिला नव्हता. शेवटी मामाचा हात अवघडला आणि त्याने घास तोंडाकडे नेला. त्या घासात, पिवळ्या पोह्यांवर, मला काळी मोहरी दिसली.

मोहरी मी घातलीच नव्हती.

"मामा, घास खाली ठेवा!" मी अशी कडाडले की शेजारची कोंबडी फडफडली. मामाच्या हातून पोहे सांडले. मी त्यातून तो कण नखावर उचलला आणि याच्यापुढे धरला. काळा-निळा, चकचकीत स्क्रू. याने माझ्याकडे बघितलं, मी याच्याकडे, आणि आमचं बघणं तिथेच झालं.

ओटीवरून ऊन उतरेपर्यंत घड्याळ पुन्हा टिकटिक करू लागलं. बाबांनी ते कानाला लावलं आणि लहान मुलासारखे हसले. पण मामाचं बिनसलं होतं. जिला बघायला आलो ती मुलगी मुलाच्या मामावर ओरडते, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्यातून आता घड्याळ लावायचं कशावर? मामाने नाइलाजाने मनगट पुढे केलं. बाबा म्हणाले, "परक्याच्या हातावं मी टाइम लावत न्हाय. सातला रेडिओ लागंल." सायकलला दिवा नव्हता, अंधार पडत आला होता. मामा उठला. "आमी निघतो. निरोप धाडतो."

निरोप धाडतो म्हणजे काय, ते मी तीनदा ऐकलं होतं. आमच्याकडे बघायला आलेली माणसं पोहे-चहावर उठतात. जेवायला बसली तर समजायचं, ठरलं. आणि थांबवायचं कोणी, तर घरच्या पुरुषाने. बाबा घड्याळ कुरवाळत बसले होते, त्यांना कसलंच भान नव्हतं. मी आत गेले, तांदूळ धुतले, चुलीवर चढवले आणि दारात येऊन उभी राहिले.

"भात ठेवलाय," मी म्हणाले. "दोन मानसांचा जास्त."

आईने तोंडावर हात ठेवला. हा मात्र चपला काढून पुन्हा मांडी घालून बसला. "मामा, बस ना. सात वाजल्याबिगर घड्याल लागनार कसा?"

मामाने याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पगडी उतरवल्यासारखा डोक्यावरून हात फिरवला. "दोगं बी येकाच मालेचं मनी," म्हणून तो बसला.

सातच्या बातम्या लागल्या तशी बाबांनी काटे लावले, सहा एकवीस. मग घड्याळ बंडीत घालून, वर हात दाबून, ते याला म्हणाले, "पोरगी देतो. घड्याल देनार न्हाय."

मामासकट सगळे हसले. फक्त याचा चेहरा पडला. कंदिलाच्या उजेडात मी तो पडलेला चेहरा अगदी नीट पाहिला. दुसरी कोणी असती तर रुसून आत गेली असती. मी त्याच्या भाताशेजारी सुक्या जवळ्याची चटणी वाढली आणि वाकून हळूच विचारलं, "नुसती पोरगी पुरंल ना?"

तो कानापर्यंत लाल झाला. "पुरंल," म्हणाला, आणि आणखी भात मागून घेतला.