लॅपटॉपचा पंखा

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या स्वयंपाकघरात पंखा नव्हता. माझी आई, मीरा, वर्षानुवर्षं घामाघूम होत एक्झॉस्ट मागत होती. "खिडकीची काच कापावी लागेल," म्हणून बाबा टाळायचे. आठवलं की अजून डोकं फिरतं.

२००६च्या मे महिन्यात बाबांचा नवा लॅपटॉप तापून बंद पडला. त्याच संध्याकाळी त्यांनी त्याच्यासाठी पंखेवाला स्टँड आणला. "बिचारा फार तापतो गं."

आईने लाटणं ठेवलं आणि लॅपटॉप उचलून ओट्यावर शेगडीला खेटून ठेवला. "सगळ्या पोळ्या होईपर्यंत हा बिचारा टिकला, तर मलाही पंखा नको."

पहिली पोळी फुगायच्या आत बाबा धावले. "अगं, जळेल तो."

आई तिथेच, तव्यासमोर उभी होती.