आमिरानचं नाक आणि शाल्वाची शिवी

वाइन चाखायला कुठे जावं, असं अलाझानी नदीच्या खोऱ्यात कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल: "आमच्याकडे!" इथे घरटी एक मारानी, म्हणजे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणांची खोली, आणि जो तो आपल्या रांजणाला जगात पहिला नंबर देऊन मोकळा झालेला. अशा ठिकाणी बाहेरच्या माणसाने निवड करायची तरी कशी? म्हणून आमिरानची गरज पडायची. तो पाहुण्यांना आपल्या गाडीतून फिरवायचा आणि दिवसाला तीन मारान्या निवडून द्यायचा. तीनच, कारण चौथीत पाहुण्यांना उभं राहता येत नाही.

आमिरानची सगळी पत त्याच्या नाकावर होती. दारात उभा राहून तो एकदा हुंगायचा आणि म्हणायचा, "आज इथे नको, रांजण रुसलाय." घरमालक त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा, पण रात्री गुपचूप रांजणाचं झाकण काढून बघायचा, आणि रांजण खरंच रुसलेला असायचा.

मागच्या हिवाळ्यात आमिरानला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. भट्टीतली भाकरी नाही, कोथिंबीर नाही, पेट्रोल नाही, बायकोच्या केसांचा साबण नाही. जिभेला आंबट कळे, तुरट कळे, बस्स. आणि आमच्या काखेती प्रांताची वाइन तर चांगली असली तरी थोडी आंबट नि तुरट असतेच! मग कळणार काय, कपाळ?

हे त्याने कोणालाही सांगितलं नाही. पाहुण्यांना मारान्या दाखवणं मात्र चालूच ठेवलं, आता भलत्याच खुणा बघून. कुठलं कुत्रं दारात निवांत पसरलंय, कुठल्या घरच्या बाईचा आवाज गोड आहे, कुठल्या अंगणात गाडी वळवायला सोपी आहे. आणि चमत्कार असा की पाहुणे पूर्वीपेक्षा जास्त खूश होऊ लागले. मिठ्या मारत, पुढच्या वर्षी भावंडांना घेऊन येतो म्हणत. आमिरानला काही कळेना. मग इतकी वर्षं त्या नाकाचा उपयोग तरी काय होता?

पण हे दुसऱ्यांच्या रांजणांचं झालं. खरा घोर होता घरच्या रांजणाचा. त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, नातियाचं, लग्न सप्टेंबरअखेर ठरलं होतं. त्यासाठी गेल्या द्राक्षतोडीला त्याने सगळ्यात मोठा रांजण काळ्या साफेरावी द्राक्षांनी भरला होता. लग्नात पहिली सुरई मुलीच्या बापाच्या रांजणातली, ही इथली रीत. विकतची बाटली ठेवली तर लोक तुम्ही मेलात असं धरून मेणबत्त्या लावतील. वसंतात त्याने तो रांजण उघडला, भोपळ्याच्या पळीने घोटभर काढली, प्यायला, आणि तसाच उभा राहिला. आंबट होती. पण किती आंबट? वाइनीची आंबट, की सिरक्याची?

विचारणार कोणाला? बायकोला, लमाराला, विचारलं तर ती म्हणाली, "मला सगळ्या वाइनी सारख्याच. सणाच्या रात्री तुमच्या अंगाला येतो तोच वास."

शेजाऱ्यांना विचारून तर काडीचा फायदा नाही. पाहुणा देवाने पाठवलेला असतो आणि यजमानाची वाइन कधीच वाईट नसते, हे इथे पोरांना दुधासोबत पाजतात. मेलेला उंदीर सापडला तरी माणूस पेला रिकामा करून "वा!" म्हणेल. म्हणून आमिरानने युक्ती काढली. तिसरी मारानी म्हणून पाहुण्यांना तो आपल्याच घरी आणू लागला आणि त्यांची तोंडं बघू लागला. एक जपानी बाई पेल्याला वाकून नमस्कार करून गेली. एक फ्रेंच माणूस बराच वेळ छताकडे बघून "फारच वेगळी" म्हणाला. दोन तरुणांनी डबाभर मागून नेली, पण त्यांनी आधीच्या दोन मारान्यांतही डबे भरून घेतले होते. आमिरान रात्री कुशी बदलत राही. वेगळी म्हणजे काय? नमस्कार म्हणजे काय?

तोंडावर वाईट म्हणणारा माणूस गावात एकच होता: कुंपणापलीकडचा शाल्वा. तीस वर्षांपूर्वी ईस्टरच्या जेवणात, धर्मगुरूंच्या देखत, तो आमिरानच्या वाइनीला "काकडीवर ओतायची" म्हणाला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं म्हणजे शिव्याच. दर वसंतात रांजण उघडला की शाल्वा कुंपण ओलांडून यायचा, एक पेला प्यायचा, थुंकल्यासारखं करायचा, काहीतरी नवं नि अभद्र बोलून जायचा. आमिरानही त्याच्याकडे जाऊन सव्याज परत करायचा. यंदा मात्र शाल्वा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे दूर कुताइसी शहरात गेला होता. तो नुकताच काठी टेकत परतला होता, आणि यंदाची शिवी राहून गेली होती.

त्या दिवशी गाडीत पोलंडचं एक जोडपं होतं, मारेक आणि हालिना. हालिनाला आमिरानसारखंच रशियन येत होतं, त्यामुळे बोलणं व्हायचं. आमिरानने पहिली मारानी आपला चुलतभाऊ नोदारची निवडली, कारण नोदारचं कुत्रं झोपलं होतं. दुसरी निवडली स्वतःची.

मारेकने डोळे मिटले, मान हलवली. हालिना हळूच प्यायली आणि म्हणाली, "ही फार प्रामाणिक वाइन आहे."

"प्रामाणिक म्हणजे चांगली ना, बाई?"

"प्रामाणिक म्हणजे... प्रामाणिक," हालिना हसली आणि पेला खाली ठेवला.

आमिरानच्या डोक्यात चक्र सुरू झालं. प्रामाणिक माणूस चांगला असतो, हे खरं. पण प्रामाणिक माणूस लग्नात कोणाला हवा असतो?

"आता तिसरी कुठली?" हालिनाने विचारलं. "तुम्ही स्वतः जिथे जाल, अशी निवडा."

आमिरानच्या तोंडून निघून गेलं, "शाल्वाकडे." बोलल्यावर त्यालाच धक्का बसला. तीस वर्षांत त्याने शाल्वाच्या दारात एकही पाहुणा नेला नव्हता.

शाल्वा काठी घेऊन दारातच उभा होता. "काय रे, वाट चुकलास? की घरचं पिऊन पाहुण्यांच्या पोटात कळा आल्या?"

"गप बस म्हाताऱ्या. पाहुणे आणलेत, वाढ."

पाहुणे म्हटल्यावर शाल्वाचा नाइलाज झाला. बहिणीला त्याने हाक मारली, चीज आलं, गरम भाकरी आली, अक्रोड आले. शाल्वाने पेले भरले. मारेकने या वेळी डोळे मिटले नाहीत, उलट मोठे केले. हालिनाने रिकामा पेला पुन्हा पुढे केला.

आमिरानने ते पाहिलं. त्याच्या मारानीत सगळ्या उन्हाळ्यात कोणी पेला पुन्हा पुढे केला नव्हता.

शाल्वाने त्याच्याही हातात पेला दिला आणि हाताची घडी घालून, मिशीत हसत उभा राहिला. गेल्या खेपेला आमिरान "भिजलेल्या मेंढीचा वास येतो" म्हणाला होता, त्याआधी "तुझ्या मोज्यांचा". शिवीसुद्धा वासावरच तर सुचायची. आमिरान प्यायला. आंबट, तुरट, आणि पुढे काहीच नाही, नुसती भिंत. पाहुणे बघत होते. त्याला काही म्हणजे काही सुचेना.

"छान आहे," तो म्हणाला.

शाल्वाच्या मिशीतलं हसू गेलं. "काय म्हणालास?"

"छान आहे म्हणालो. ऐकू येत नाही का?"

शाल्वा आमिरानच्या दंडाला धरून त्याला अंगणात, अक्रोडाच्या झाडाखाली घेऊन आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "कधीपासून?"

"हिवाळ्यापासून," आमिरान म्हणाला. इतक्या महिन्यांनी ते कोणाला तरी सांगितलं, आणि तेही शाल्वाला! "तापात गेला वास. लमारालाही माहीत नाही. नातियाच्या लग्नाचा रांजण उघडलाय रे, आणि ती वाइन आहे की सिरका, तेच मला कळत नाही. चल, पी आणि खरं सांग. तुझ्याशिवाय इथे खरं कोण बोलतंय?"

पाहुणे बहिणीच्या हवाली करून दोघे कुंपण ओलांडून गेले. शाल्वाने गुडघा सांभाळत वाकून भोपळ्याची पळी रांजणात सोडली, पेला भरला, नाकाशी नेला. तिथे तो जरा थांबला. मग शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि पेला हळूच खाली ठेवला.

"चांगली आहे," तो म्हणाला.

आमिरान रांजणाच्या काठाशी जमिनीवरच बसला.

"शिवी दे," तो म्हणाला.

"कशाला? चांगली आहे म्हणतोय ना."

"शाल्वा, तीस वर्षांत तू माझ्या वाइनीला चांगली म्हणाला नाहीस. एक शिवी दे रे. लहानशी दे. तुझ्या पाया पडतो, पण शिवी दे."

शाल्वाने तोंड उघडलं. भांडखोर म्हणून साऱ्या गावात नाव असलेला माणूस, पण त्याला एक शब्द सापडेना. त्याने मिशी पुसली, छताकडे पाहिलं. आमिरानच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते त्याने पुसलंही नाही.

शाल्वा काठीवर भार देत त्याच्या शेजारी बसला. "माझा मागचा रांजण अजून बंद आहे," तो म्हणाला. "सगळा काढू. लग्नाच्या आदल्या दिवशी लमारा चर्चला गेली की कुंपणावरून आणू. सुरई तुझी, नाव तुझं. ही इथली लमाराला लोणच्याला दे."

"लोक ओळखतील. तुझी वाइन अख्ख्या गावाला पाठ आहे."

"नाही ओळखणार. मी पंगतीत बसून तिला शिव्या देईन ना. मी शिव्या देतोय म्हटल्यावर वाइन तुझीच, यात कोणाला शंका येणार आहे?"

आमिरानने डोळे पुसले. "स्वतःच्या वाइनीला? चारचौघांत?"

"त्यात काय? तुझं तोंड समोर असलं की शिव्या आपोआप येतात."

सप्टेंबरच्या अखेरीस द्राक्षाच्या मांडवाखाली नातियाचं लग्न लागलं. आमिरानने पहिली सुरई फिरवली. लोक प्यायले. काही जणांनी पेल्यात पुन्हा बघितलं. तेवढ्यात शाल्वा काठी आपटत उठला.

"ही वाइन म्हणे!" तो ओरडला. "मुलीच्या लग्नात तरी माणसाने लाज धरावी! माझ्या घरी हिने आम्ही पायऱ्या धुतो!"

सगळी पंगत खो खो हसली. धर्मगुरू डोळे पुसू लागले. नातिया नव्या नवऱ्याला समजावत होती की घाबरू नको, हे आमचे शाल्वाकाका, दर वर्षी असंच बोलतात. आणि मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामे पेले पुन्हा पुढे आले.

आमिरान एकेक पेला भरत शाल्वापर्यंत आला. त्याचाही पेला काठोकाठ भरला.

"अजून एक दे," आमिरान कानाशी वाकून म्हणाला.

"वाइन?"

"शिवी."